सत्र आवडलं, पण कामाचं नव्हतं

प्रश्न : आमचा सॉफ्टवेअरवाल्यांचा स्वयंसेवी गट दरवर्षी एक दिवसाची परिषद भरवतो. यंदा दोन दालनांत मिळून १२ सत्रं झाली, १८० जण आले. दुसऱ्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म पाठवला, तो ३१ जणांनी भरला. सरासरी ५ पैकी ४.३ आली. तरी शेऱ्यांत सात-आठ जण म्हणतात, ‘विषय आमच्या कामाचे नव्हते.’ खरं काय मानावं? आणि ३.९ गुण मिळालेल्या वक्त्याला पुन्हा बोलवावं का?
– एक आयोजक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दोन्ही खरं आहे. ‘सत्र कसं वाटलं?’ असं विचारलं की माणसं वक्त्याला गुण देतात, विषयाला नाही. रविवार मोडून बोलायला आलेल्याला दोन गुण द्यायला कुणाचा हात धजत नाही. त्यामुळे वेगळे तीन प्रश्न विचारा : यातलं काही येत्या महिन्याभरात वापराल का? पातळी सोपी, बरोबर की जड? पत्रिकेत छापलं होतं तेच ऐकायला मिळालं का? सोबत विद्यार्थी, तीन वर्षांपर्यंतचा अनुभव की त्याहून जास्त, एवढी एक खूण करायला सांगा. ही खूण नसेल तर बाकीची उत्तरं फारशी उपयोगाची नाहीत. डॉकरच्या (प्रोग्राम कुठल्याही संगणकावर चालावा म्हणून तो बांधून देणाऱ्या साधनाच्या) सत्राला विद्यार्थ्यांनी ‘जड’ आणि जुन्याजाणत्यांनी ‘सोपी’ म्हटलं, तर सरासरी ‘बरोबर’ निघेल आणि प्रत्यक्षात दालनातलं कुणीच समाधानी नसेल. अशा वेळी वक्ता बदलू नका, पत्रिकेतलं वर्णन बदला. ‘टर्मिनल (संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी) वापरता येणाऱ्यांसाठी’ एवढी एक ओळही पुष्कळ काम करते.

३.९ चं म्हणाल, तर त्या सत्राला गुण देणारे किती होते? ३१ जणांपैकी प्रत्येकाने तीन-चार सत्रांनाच गुण दिले असतील, तर १२ सत्रांत एकेकाच्या वाट्याला आठ-दहाच येणार. एकेकाचे गुण सरासरीपासून साधारण एकाने इकडेतिकडे होतात असं धरलं, तर नऊ जणांच्या सरासरीत अर्ध्या-पाऊण गुणाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. ३.९ आणि ४.३ यांत निवड करण्याजोगं काही नाही. त्या वक्त्याला खुशाल बोलवा.

फॉर्म कमी येतात, कारण ते उशिरा जातात. सत्र संपताच, शेवटची स्लाइड पडद्यावर असतानाच क्यूआर कोड दाखवा. गूगल फॉर्ममध्ये आधीच भरलेल्या उत्तरासह लिंक बनवता येते. प्रत्येक सत्राची अशी लिंक करून तिचा कोड छापा, म्हणजे बारा नावांच्या यादीत आपलं सत्र शोधावं लागत नाही. ‘एकाचं एकच उत्तर’ ही सोय बंद ठेवा. ती चालू असली की गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं, आणि निम्मा उत्साह तिथेच सरतो. मोबाइल नंबर मागूच नका.

याहून सोपा उपाय दाराशी. हिरव्या, पिवळ्या, लाल कागदाचे ए-फोरचे आठ-आठ तुकडे करून ठेवा, बाहेर पडताना प्रत्येकाने एक तुकडा डब्यात टाकावा. डबा वक्त्याच्या नजरेसमोर नको, नाहीतर सगळे हिरवेच पडतात. शिवाय सुरुवातीला आणि पंधरा मिनिटांनी डोकी मोजा. मात्र जेवणाआधीच्या सत्रातून उठलेल्यांचा दोष विषयाच्या माथी मारू नका. आणि पहिल्या सत्राची गर्दी आपल्याकडे पोहे-जिलबीच्या रांगेवर ठरते, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या वर्षीचे विषय ठरवताना ‘काय ऐकायला आवडेल?’ असं विचारलंत, तर शंभरातले बहुतेक ‘एआय’ लिहितील. त्याऐवजी ‘गेल्या पंधरवड्यात कामात कुठे अडलात?’ असं विचारा. मग डेटाबेसचं स्थलांतर, चाचण्यांना लागणारा वेळ, जुना कोड अशी उत्तरं येतील. सत्रं त्यांवर बेता.

प्रश्न : कडवट शेरे वक्त्याला द्यावेत का?
– रामबाग, इंदूर

उत्तर : द्यावेत, पण गाळून आणि आठवड्याच्या आत. उच्चार, कपडे, वय यांवरचे शेरे काढून टाका. ‘अक्षरं मागच्या रांगेतून दिसली नाहीत’, ‘डेमो अडकला’ हे जसंच्या तसं द्या. सोबत किती श्रोत्यांपैकी किती जणांनी लिहिलं, हेही कळवा. नाहीतर एका चिडलेल्या माणसाचं वाक्य वक्ता वर्षभर मनात घोळवत बसतो.

प्रश्न : प्रायोजकांच्या सत्रावर लाल कागद जास्त पडतात. काय करावं?
– रामबागेतूनच

उत्तर : पत्रिकेत नावापुढे ‘प्रायोजित’ छापा आणि त्याच वेळी दुसऱ्या दालनात दुसरं सत्र ठेवा.