डब्ल्यूडब्ल्यूईतल्या हिरोला व्हिलन करावं का?

करावं, पण लोक त्याला हिरो म्हणून कंटाळले असतील तरच. डब्ल्यूडब्ल्यूई हा अमेरिकेतला कुस्तीचा शो, तिथे निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे पहिलवानाची खरी कमाई म्हणजे पब्लिकचा आवाज. रोमन रेन्सला कंपनीने वर्षानुवर्षं हिरो म्हणून पुढे केलं आणि लोक त्याची हुर्यो उडवत राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये तो मॅनेजर पॉल हेमनला सोबत घेऊन व्हिलन म्हणून परतला. चाल संथ, बोलणं मोजकं, समोरच्याकडे नुसतं बघत राहणं. तो १,३१६ दिवस चॅम्पियन राहिला! हल्क होगन जुलै १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत हिरोचा व्हिलन झाला तेव्हा तर लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला.

स्टीव्ह ऑस्टिनचं मात्र फसलं. एप्रिल २००१ मध्ये ह्यूस्टनला, म्हणजे त्याच्याच टेक्सासात, त्याने कट्टर वैरी आणि कंपनीचा तेव्हाचा मालक व्हिन्स मॅकमॅहनशी हात मिळवला. पब्लिक तरीही त्याच्यासाठीच ओरडत होतं. तो निर्णय चुकला हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं.

मी गडचिरोलीतल्या वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करतो, म्हणून हे ठामपणे सांगतो: मंडपातल्या बाया कडाकडा बोटं मोडतात तेव्हाच भूमिका लागू पडते.

एक अट आहे, निरोपाच्या वर्षात हे करू नये. जॉन सीना मार्च २०२५ मध्ये व्हिलन झाला अन् ऑगस्टपर्यंत परत हिरो. आमच्या गावातल्या पोट्ट्यांना त्याला शेवटचं डोळे भरून पाहायचं होतं, शिव्या घालायच्या नव्हत्या.