मॉनिटरसाठी कर्ज काढण्याआधी रेंज तपासा

एका फ्रीलान्स व्हिडिओ एडिटरने विचारलंय: ‘बाहेरच्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसतो म्हणून मी तो खाली ओढतो, आणि मग ग्राहक म्हणतात व्हिडिओ फार अंधारा आहे. विक्रेता रेफरन्स मॉनिटर, म्हणजे रंग अचूक दाखवणारा व्यावसायिक मॉनिटर घ्या म्हणतो, त्यात एचडीआरही (जास्त उजळ-गडद फरक दाखवणारं चित्र) आहे म्हणतो. माझी बरीचशी कामं फोनवर पाहिली जातात, पण एक ग्राहक टीव्ही जाहिरातीचं काम देऊ म्हणतोय. किंमत माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढी आहे. 24 हप्त्यांचं कर्ज घेऊ, की आपत्कालीन निधी मोडू? निधीत पाच महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे आहेत.’

सध्या दोन्ही करू नका. तुम्ही वर्णन केलेला दोष बहुधा सिग्नलच्या रेंजचा, म्हणजे काळा आणि पांढरा कोणत्या आकड्यांवर धरायचा याचा आहे, आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. 8 बिटमध्ये, म्हणजे उजेड 0 ते 255 आकड्यांत मांडला जातो तेव्हा, व्हिडिओ रेंजचा काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो. फुल रेंजमध्ये तेच 0 आणि 255. कॉम्प्युटर 16 पाठवतोय आणि मॉनिटर फुल रेंज धरून बसलाय, तर 16 हा त्याच्या लेखी काळा नसतोच, गडद राखाडी असतो. तो राखाडी घालवायला तुम्ही ग्रेड (चित्राच्या रंग-उजेडाची जुळणी) खाली ओढता आणि सावल्यांतला तपशील फाइलमधूनच जातो. महागड्या मॉनिटरवरही सेटिंग जुळलं नाही तर हेच होईल, फक्त हप्ते भरत होईल. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यात प्रोजेक्ट सेटिंग्जच्या व्हिडिओ मॉनिटरिंग भागात डेटा लेव्हल्स पाहा, मॉनिटरच्या मेनूत आरजीबी रेंज किंवा ब्लॅक लेव्हल पाहा, आणि दोन्हीकडे एकच ठेवा. मॉनिटर ग्राफिक्स कार्डलाच जोडलेला असेल, तर त्या ड्रायव्हरमधली आउटपुट रेंजही तपासा.

आता कर्जाचं बोलू. व्याज धरून हप्ता तुमच्या सरासरी कमाईच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर जातो. पण फ्रीलान्सरला सरासरी महिना क्वचितच मिळतो. ज्या महिन्यात निम्मंच बिल वसूल होईल, त्या महिन्यात तोच हप्ता दोन-पंचमांश होतो, आणि ग्राहकाने पेमेंट लांबवलं म्हणून बँक थांबत नाही. निधी मोडला तर याच महिन्यांसाठी ठेवलेला आधार जातो, म्हणून तो पर्याय मला कर्जापेक्षाही वाईट वाटतो.

खर्च करायचाच असेल तर आधी आउटपुट कार्ड, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधला व्हिडिओ थेट मॉनिटरला देणारं उपकरण घ्या, डेकलिंक किंवा अल्ट्रास्टुडिओच्या साध्या मॉडेलपैकी एखादं. ते मॉनिटरच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येतं, चालू कमाईतून भागेल. ग्राफिक्स कार्डमधून जाणाऱ्या चित्रात ऑपरेटिंग सिस्टीमचं रंग-व्यवस्थापन मध्ये येऊ शकतं. हे कार्ड ते टाळून टाइमलाइनचाच सिग्नल बाहेर देतं. दुसरा फायदा फ्रेम रेटचा. 25 फ्रेमची टाइमलाइन 60 हर्ट्झच्या डेस्कटॉपवर चालवली की कॅमेरा पॅन होताना चित्र अडखळतं आणि कट चुकलाय की काय असं वाटत राहतं. कार्डाचं आउटपुट 25 किंवा 50 वर लावता येतं. मॉनिटर तो दर घेतो का, एवढं खरेदीआधी बघा. सोबत कॅलिब्रेशन प्रोब, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारं यंत्र घ्या आणि आहे तोच मॉनिटर एचडी व्हिडिओच्या रंगमानकाला, म्हणजे रेक 709, गॅमा 2.4 ला बसवा. तो तिथवर पोचतच नसेल, तर काय कमी पडतंय हे मोजमापातून कळेल.

एचडीआरचं विक्रेत्याने सांगितलेलं आकर्षण तूर्त बाजूला ठेवा. तुमची बरीचशी कामं फोनवर पाहिली जातात असं तुम्हीच लिहिलंय, आणि एचडीआरमध्ये फाइल मागणारा एकही ग्राहक तुमच्याकडे दिसत नाही. अशा यंत्राची किंमत दरवर्षी उतरते. ते कपाटात नुसतं थांबलं तरी उतरते.

टीव्ही जाहिरातीचं काम देऊ म्हणणारा तो एक ग्राहक मात्र महत्त्वाचा आहे. त्याच्या कोटेशनमध्ये फायनल ग्रेडसाठी रेफरन्स मॉनिटरचं किंवा ग्रेडिंग सूटचं (रंगकामाच्या स्टुडिओचं) भाडं वेगळी ओळ म्हणून लावा. तो ती ओळ मान्य करतो का पाहा. वर्षभरात असं भाडं मॉनिटरच्या निम्म्या किमतीवर गेलं, तर मी स्वतः तुम्हाला खरेदी करा म्हणेन. तोवर आज जो हप्ता भरायला तयार होता, तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या रिकरिंग खात्यात टाका, हात आखडेल त्या महिन्यात कमी टाका. वर्षाअखेर खरेदी ठरलीच, तर निम्मे पैसे हातात असतील.