अकरावीला इतिहास घेतला तर पुढे नोकरी मिळते का?

मुलीला दहावीनंतर कला शाखेत इतिहास घ्यायचाय आणि घरचे "पोटापाण्याचं काय?" विचारतायत, असा तुमचा प्रश्न. खरं सांगायचं तर नुसत्या बीएवर फारसं काही हाती लागत नाही. सोबत एखादं कौशल्य हवं.

माझं पहिलं मत मोडी लिपीला, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत तिला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या सरकारी संग्रहात, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडी गाठोडी) बांधून ठेवलेत, पण वाचणारे मोजकेच. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली सलग लिहितात, दोन शब्दांत जागाच सोडत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला डोकं गरगरतं. सरावाने जमतं. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. जमिनीच्या जुन्या दाव्यांतही मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करून देणारा लागतोच. जुनी कागदपत्रं सांभाळणारा राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो.

उत्खननाची आवड असेल तर पदवीनंतर पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्रात एमए करता येतं. मात्र कायम नोकऱ्यांच्या जागा कमी, हे आधीच माहीत असू द्या. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ आहे, बीएड करून शिक्षकी पेशा आहे. एमपीएससी-यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत इतिहास असतोच, पण केवळ तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नका.

आणि हो, तिला सनावळ्या पाठ करायचा कंटाळा असेल तर बिघडत नाही. मूळ कागद वाचायला आवडतात का, तेवढं विचारा.