मांजर पातळ औषध तोंडात टिकू देत नाही, फेस काढते. घरी कसं पाजावं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: कोपरखैरण्यातला वन बीएचके, दीड वर्षाची मांजरी, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा १.२ मिली सिरप सात दिवस द्यायला सांगितलंय, आणि तिसऱ्याच डोसला तिने तोंडाला फेस आणून बॉक्स बेडमागे मुक्काम ठोकला. तर औषध दुधात मिसळून दिलं तर चालेल का?

नको. अर्धी वाटी पिऊन उठली तर पोटात नेमकं किती गेलं ते तुम्हालाही कळणार नाही. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, म्हणजे वरून जुलाब. औषध डॉक्सिसायक्लिन (एक अँटिबायोटिक) असेल तर दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरतं उतरत नाही. रोजच्या जेवणात मिसळणं तर त्याहून वाईट, कारण एकदा तोंड कडू झालं की मांजर ते खाणंच टाकते. आजारी मांजराने जेवण सोडणं हे एखादा डोस चुकण्यापेक्षा महागात पडू शकतं. काही दिवस उपाशी राहिलं की, खासकरून जाडजूड मांजरांच्या, यकृतात चरबी साचायला लागते.

फेसाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा निव्वळ चवीमुळे येतो. मेट्रोनिडॅझोलसारखं कडू औषध जिभेवर पसरलं की लाळ सुटते, मांजर डोकं झटकते, लाळेचा फेस होतो. चार-पाच मिनिटांत थांबतो. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र ती वेगळी गोष्ट, तेव्हा थेट दवाखाना गाठा.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक मांजराचा जबडा उघडून, मान वर करून, औषध घशात ओततात. मांजराचं तोंड उघडायचंच नाही. पातळ औषधाला त्याची गरजच नसते. ओठ बाजूने जरा उचलून बघा: लांब सुळ्याच्या मागे, दाढा सुरू व्हायच्या आधी एक मोकळी फट दिसेल. जबडा घट्ट मिटलेला असला तरी सिरिंजचं टोक तिथून आत जातं. दार तिथे आहे.

सिरिंज मेडिकलमधून २ मिलीची घ्या, पाच-दहा रुपयांना मिळते. सुई काढून वेगळी ठेवा आणि दवाखान्यात परत द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. १.२ मिलीला ५ मिलीची सिरिंज मोठी होते, तिच्यावरच्या रेघा मोठ्या मापाच्या असतात आणि मोजण्यात चूक होते. इन्सुलिनची बारीक सिरिंज देऊ लागले तर घेऊ नका, तिच्यावर मिली नसून युनिट असतात. औषध मोजताना दट्ट्याच्या रबराची पुढची कड रेघेवर आली पाहिजे. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर सिरिंज उभी धरून टिचकी मारा, हवा बाहेर ढकला आणि पुन्हा मोजा. चार-पाच धुण्यांनंतर रेघा पुसट होतात आणि दट्ट्या अडकायला लागतो. मग अचानक सुटतो आणि सगळं औषध एका दमात घशात जातं. म्हणून सात दिवसांच्या कोर्सला दोन सिरिंज घ्या.

एक गोष्ट आजच तपासा. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ’ असेल तर १ मिलीमध्ये २५ आणि १.२ मिलीमध्ये ३० मिग्रॅ होतात. मेडिकलवाल्याने त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची, ‘५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ’ असलेली बाटली दिली असेल तर त्याच १.२ मिलीत दुप्पट औषध जातं. चिठ्ठीवर फक्त मिली लिहिलेले असतात तेव्हा हा घोळ कुणाच्याच लक्षात येत नाही. बाटलीच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठवा.

ड्राय सिरप, म्हणजे पाणी घालून तयार करायची पूड, असेल तर उकळून गार केलेलं पाणी लेबलवरच्या खुणेपर्यंतच घाला आणि प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवा. न हलवता दिलं तर पहिले दिवस नुसतं गोड पाणी जातं आणि तळाशी बसलेलं सगळं औषध शेवटच्या डोसांत येतं. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर दाराच्या कप्प्यात नको, आत ठेवा. गार औषधाला मांजर जास्त झटकते; भरलेली सिरिंज दोन मिनिटं मुठीत धरली की पुरे. गरम पाण्यात बुडवू नका.

आता पकडण्याचं. बाटलीचा आवाज आला की मांजर गायब, हे तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून आधी खोलीचं दार लावा, पलंगाखालची फट उशीने बुजवा, सिरिंज भरून खिशात ठेवा आणि मगच तिच्याकडे जा. नाव घेऊन बोलावून औषध देऊ नका, नाहीतर पुढे नावालाच घाबरेल. झोपेतून किंवा लिटर बॉक्समधून उचलू नका. ओट्याचा ग्रॅनाइट निसरडा असतो. तिथे द्यायचं असेल तर खाली रबरी मॅट किंवा टॉवेल हवा.

एकट्याने द्यायचं असेल तर मला जमिनीवरची जागा सगळ्यात सोपी वाटते. वज्रासनात बसा, गुडघे जरा फाकवून, मागे टाचा जुळवून. मांजर मांड्यांच्या मध्ये, तिची पाठ तुमच्या पोटाला, तोंड तुमच्यासारखंच पुढे. मांजरं सुटतात ती मागे सरकून, आणि इथे मागची वाट तुम्हीच बंद केलेली असते. नखं चालवत असेल तर टॉवेल: दुपट्यात तान्ह्या बाळाला गुंडाळतात तसं. जाड टॉवेलवर तिला बसवा, एक बाजू गळ्याखालून ओढून अंगावर घ्या, पुढचे पाय आत दाबलेले राहतील असं बघा, मग दुसरी बाजू. गळ्यापाशी एक बोट सहज जावं. आपल्याकडच्या मे महिन्यात मिनिटाभराच्या वर गुंडाळून ठेवू नका. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर लगेच सोडा, डोस नंतर. मानगूट धरून लोंबकळवणं पूर्ण बंद.

डावा हात वरून डोक्यावर, अंगठा आणि मधलं बोट गालांच्या हाडांवर. नाक छताकडे नाही, समोर. फार तर किंचित वर. उजव्या हाताने सिरिंज बाजूने त्या फटीत, टोक जिभेच्या बाजूला, समोरच्या गालाच्या दिशेने तिरकं. घशाकडे सरळ नाही. मग दट्ट्या अगदी थोडा दाबा: ०.३ मिली, म्हणजे तुमचे १.२ मिली चार वेळा. प्रत्येक वेळी थांबा. जिभेचं टोक बाहेर येऊन नाक चाटलं, की घोट गेला. गिळत नसेल तर नाकावर हलकी फुंकर मारा किंवा गळ्यावरून बोट खाली फिरवा. पर्शियनसारखं चपट्या तोंडाचं मांजर असेल तर एका वेळी ०.२ मिलीच द्या, आणि गळ्याला रुमाल बांधा, नाहीतर लांब केसांत सिरप चिकटून गाठी होतात.

मान मागे करून ओतल्यावर जे बिघडतं ते हे: औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला तर हात सोडा, डोकं खाली जाऊ द्या, उरलेला डोस लगेच देऊ नका. पुढचे दोन दिवस झोपेतला श्वास मोजा. शांत झोपलेल्या मांजराचा मिनिटाला ३० च्या आत असतो. त्याहून सतत जास्त, खोकला, सुस्ती, जेवण बंद, यातलं काहीही दिसलं तर फुप्फुसात औषध गेल्याचा संशय घ्या आणि न थांबता डॉक्टरांकडे न्या. बद्धकोष्ठतेसाठी घरात असलेलं लिक्विड पॅराफिन तर कधीच तोंडात सोडू नका. त्याला चव नसते, त्यामुळे मांजर गिळतही नाही की खोकतही नाही, आणि ते गुपचूप फुप्फुसात उतरतं.

थोडं थुंकलं तर अंदाजाने पुन्हा भरून देऊ नका. किती गेलं हे माहीत नसताना दुसरा डोस म्हणजे दुप्पट व्हायची भीती. उलटी झाली तर वेळ लिहून ठेवा आणि विचारा.

आणि लहान मुलांचं तापाचं सिरप? पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे, थेंबभरही नाही. ते पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते. रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. चुकून गेलं असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका.

चावली किंवा रक्त येईल इतकं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस महापालिकेच्या रुग्णालयात मिळते. मांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो पण खोल असतो, लवकर पिकतो.

डोसनंतर ती सुटायच्या आत चाटायला काहीतरी आवडीचं द्या: ट्यूबमधली क्रीमी ट्रीट, किंवा मांदेली उकडलेलं बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं पाणी चमचाभर. उरलेली कडू चव धुऊन निघते आणि पुढच्या वेळी निदान बेडमागून नाक तरी बाहेर येतं. औषधासोबत खाणं चालेल ना, एवढं आधी विचारून घ्या.

हे सगळं दोन दिवस नीट करूनही फेस आणि झटापट थांबत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि हेच औषध गोळीत किंवा इंजेक्शनमध्ये मिळेल का विचारा. कडू सिरपपेक्षा छोटी गोळी पुष्कळ मांजरांना सोपी जाते. फक्त गोळीनंतर त्याच सिरिंजने, त्याच फटीतून, पाचएक मिली पाणी हळूहळू पाजा. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते आणि नळी आकसते.