ग्लोव्ह नंतर, आधी कोपरं

तुमचा प्रश्न वाचून जुनं दुखणं आठवलं. तुमची मुलगी १४ वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर. बॉल थेट अंगावर येतो तरी छातीवरून उडून समोरच्या पोरींच्या पायात पडतो. मग साडेतीन हजारांचे ग्लोव्ह घ्यावेत का? माझं मत विचाराल तर आत्ता अजिबात नको.

उभं कसं राहायचं वगैरे तिला माहीत असेलच, ते सोडतो. बॉल उडतो कारण हात उशिरा पोचतात. बॉल आधी छातीच्या हाडावर आदळतो आणि हात मागाहून मिटतात. टाचांवर मागे झुकणाऱ्या मुलांचं हमखास असं होतं. पोटाच्या उंचीच्या बॉलला ओंजळ करायची: करंगळ्या शेजारी शेजारी, तळवे वर, खांदे बॉलवर झुकलेले. आणि कोपरं! पाच नंबरचा (मोठ्यांच्या सामन्यातला) बॉल साधारण २२ सेंटिमीटर रुंद असतो. बरगड्यांपुढे आणलेल्या कोपरांमधलं अंतर त्याहून कमी हवं. कोपरं फाकली की मधे बोगदा तयार. बॉल आधी मनगट ते कोपर या भागावर यावा, मग छातीशी कवटाळावा.

छातीच्या वरचा बॉल असेल तर बोटं वर. अंगठे जवळजवळ टेकलेले, बाकीची बोटं पसरलेली, इंग्रजी डब्ल्यूसारखी. हात पुढे, पण कोपर किंचित वाकलेलं, म्हणजे बॉल लागताना हात थोडे मागे येऊन वेग खातील. ताठ हात म्हणजे फळी. कानांनीही तपासता येतं: चट् असा मोठा आवाज आला तर बॉल ताठ तळव्यावर आपटलाय. बोटांत नीट बसलेला बॉल फारसा वाजत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळीच, आणि ती बहुतेक वेळा शिकवणाऱ्याची असते. एका शिबिरात (नाव घेत नाही) महिनोन्‌महिने नुसते डाइव्ह आणि बारा यार्डांवरून फटके. दिसायला झकास, पालकांना व्हिडिओ मिळतो. पण हात बसलेले नसताना जोरदार फटके खाल्ले की मूल डोळे मिटायला शिकतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

त्यामुळे आधी गुडघ्यांवर बसवा. चार-पाच मीटरवरून खालच्या हाताने फेका, २० चेंडू, तीन वेळा, ग्लोव्हशिवाय. बॉलमध्ये हवा कमीच ठेवा, नियमात ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर चालते, त्यातली खालची बाजू घ्या. विसातले अठरा चिकटले की उभं करा, मग आठ मीटरवरून हातातून सोडून लाथेने. मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद. मी डॉक्टर नाही, दुखणं राहिलं तर दाखवून घ्या.

जमिनीवरून येणाऱ्या बॉलच्या मागे अंग हवंच. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये रुस्टेनबर्गला इंग्लंडच्या रॉबर्ट ग्रीनच्या हातून अमेरिकेच्या डेम्प्सीचा साधा फटका निसटला. हात पोचले होते, मागे अंगाची भिंत नव्हती. एक गुडघा खाली, दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ, मधून बॉल जाणार नाही इतका.

पकडलेला बॉल पुढे फेकायच्या घाईत नजर आधीच वर जाते, तेही बघा. २०२५ पासूनच्या नियमात हातात बॉल ठेवायला आठ सेकंद मिळतात, शेवटची पाच रेफरी हात वर करून मोजतो. भरपूर वेळ आहे.

पावसात ओला बॉल जोरात आला तर पकडायचा हट्ट नको, गोलपोस्टच्या बाहेर ढकलायचा.

ग्लोव्ह पुढे घ्याल तेव्हा बोटांत आधाराच्या ताठ पट्ट्या असलेले टाळा, असं माझं मत. बोटं मोकळी मिटत नाहीत. काहींना ते आवडतात, वाद घालणार नाही. नवे ग्लोव्ह कोमट पाण्यात धुवा, खेळताना तळवा किंचित ओला ठेवा, सावलीत वाळवा. मुरमाड मैदानावर सरावाला जुनेच वापरा, तळव्याचं लॅटेक्स (रबर) तिथे फार लवकर सोलतं.