क्लाउड डेटाबेसची कनेक्शन संपतात, मोठा प्लॅन घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: स्प्रिंग बूटचं (जावातलं फ्रेमवर्क) वेब ॲप्लिकेशन क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसला जोडलंय, एरवी सुरळीत चालतं, पण नवीन व्हर्जन टाकलं की 'रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ड' (उरलेल्या जागा राखीव आहेत) असा एरर येतो. सीनियर म्हणतात मोठा प्लॅन घ्या. घ्यावा का, आणि डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवावा?

घेऊ नका. मी खरं तर इथे फक्त वाचायला येते, पण हा एरर मी झोपेतही ओळखेन आणि त्या 'मोठा प्लॅन घ्या'वर माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे हेच झालं होतं. ॲप्लिकेशनचे सहा इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती), मागे एकच पोस्टग्रेस, कनेक्शनची मर्यादा १००. दिवसभर काही नाही. रात्री डिप्लॉय सुरू केलं, म्हणजे नवीन व्हर्जन टाकायला घेतलं, की पहिले तीन-चार नवे इन्स्टन्स उठायचे आणि शेवटचे दोन सुरू होताहोताच मरायचे. पुन्हा बटण दाबा, पुन्हा तेच. टीम लीडचं निदान तयार होतं: "डेटाबेस छोटा पडतोय." मी म्हटलं, सर, दिवसा ट्रॅफिक जास्त असतं, तेव्हा कसा पुरतो? यावर उत्तर आलं, "तू फ्रंटएंडची, तुला डेटाबेसमधलं काय कळतं." भर मीटिंगमध्ये, दहा जणांसमोर.

त्या रात्री डिप्लॉय चालू असताना मी दुसऱ्या खिडकीत पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी (कुठलं कनेक्शन काय करतंय हे दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) उघडून बसले आणि स्टेटप्रमाणे कनेक्शन मोजत राहिले. डिप्लॉयआधी ६०, त्यातली ५७ 'आयडल'. म्हणजे नुसती बसलेली. मग ७०, ८०, ९०, ९७. तिथे काटा अडकला. १०० का नाही? कारण पोस्टग्रेस डिफॉल्टने ३ जागा सुपरयूजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या ॲडमिनसाठी, राखून ठेवतो. तुमच्या एररमधलं 'रिझर्व्ड' ते हेच.

आता हिशेब करा. ॲप्लिकेशन कनेक्शन उघडून ज्या साठ्यात तयार ठेवतं तो पूल, आणि स्प्रिंग बूट २ पासून तो डिफॉल्टने हिकारी या लायब्ररीचा असतो. त्याचा कमाल आकार डिफॉल्टने १०, आणि किमान आयडलही तितकाच, त्यामुळे काम असो वा नसो, प्रत्येक इन्स्टन्स १० कनेक्शन धरून बसतो. सहा जुने, म्हणजे ६०. आमच्याकडे नवे सहा एकामागून एक उठायचे, आणि ते सगळे उभे राहिल्याशिवाय जुने बंद व्हायचे नाहीत. उरलेल्या ३७ पैकी ३० पहिल्या तिघांनी घेतली, चौथ्याला ७ मिळाली, पाचवा आणि सहावा दारातच. यात ट्रॅफिकचा संबंध कुठे आला?

दुसऱ्या दिवशी मी हा गुणाकार लिहून पाठवला. उत्तर नाही. त्याच आठवड्यात दुप्पट मर्यादेचा प्लॅन घेतला गेला, एरर थांबला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं: 'क्षमता वाढवल्यामुळे प्रश्न सुटला.' काही महिन्यांनी इन्स्टन्स बारा झाले. १२ गुणिले १० गुणिले २, म्हणजे २४०. मर्यादा २००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तेव्हा कुठे पूलचा कमाल आकार १० वरून ५ करायला मला परवानगी मिळाली. एका ओळीचा बदल. डिप्लॉयच्या वेळी जास्तीत जास्त १२० कनेक्शन, काटा निवांत. ॲप्लिकेशन हळू झालं का? नाही. लोकांना वाटतं पूल मोठा म्हणजे वेग जास्त. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस असते, ती मेमरी खाते, आणि सीपीयूचे कोअर तेवढेच असतात. हिकारीच्याच विकीवर सूत्र दिलंय: कोअरची संख्या गुणिले २, अधिक डिस्क. चार कोअर आणि एक डिस्क असेल तर ९. हे अख्ख्या डेटाबेससाठी, एका इन्स्टन्ससाठी नव्हे. सुरुवातीचा अंदाज म्हणून धरा, पण दिशा कुठली आहे ते बघा.

पासवर्डचं म्हणाल तर तो कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरवर कोडबाहेर ठेवलेली सेटिंग) किंवा क्लाउडवाल्यांच्या सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुपितं ठेवायची सेवा) ठेवा. गिटमध्ये एकदा जरी गेला असेल तर फाइलमधून पुसून उपयोग नाही, इतिहासात राहतो. बदलूनच टाका. आणि डेटाबेसच्या जोडणीचं एन्क्रिप्शन ठरवणारा एसएसएल मोड 'रिक्वायर' ठेवून समाधान मानू नका, त्यात सर्व्हर खरा की तोतया हे नीट तपासलं जाईलच असं नाही. 'व्हेरिफाय फुल' करा.

वर 'घेऊ नका' असं ठासून लिहिलंय खरं, पण मोजल्यावर बहुतेक कनेक्शन 'ॲक्टिव्ह' दिसली आणि सीपीयूही भरलेला असला, तर आधी मंद क्वेरी शोधा. तिथे काही सापडलं नाही तर तुमचे सीनियर बरोबर आहेत, घ्या प्लॅन. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' जास्त दिसली तर कोणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण व्हायच्या क्वेरींचा गट) उघडी ठेवून मधेच बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसलंय, तो कोड दुरुस्त करा. सर्व्हरलेस फंक्शन्स (मागणीप्रमाणे क्लाउडवर उठणारे कोडचे तुकडे) वापरत असाल तर पूल लहान करूनही बहुधा भागत नाही, मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सरसारखा प्रोग्रॅम लागतो. पीजीबाउन्सरच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लिसन (डेटाबेसकडून सूचना ऐकण्याची कमांड) आणि सेशनवरची, म्हणजे कनेक्शन असेपर्यंत टिकणारी, लॉक चालत नाहीत, हे आधी तपासून घ्या. मायएसक्यूएल असेल तर आकडे वेगळे.

सीनियरना मात्र हे ईमेलने पाठवू नका. डिप्लॉयच्या वेळी त्यांना शेजारी बसवा आणि ती मोजणी त्यांच्यासमोर दर पाच सेकंदांनी चालवा. मी ईमेल पाठवला होता.