मंडलाच्या ध्यानाला बसण्यापूर्वी

तांत्रिक बौद्ध साधनेत मंडल म्हणजे देवतेच्या प्रासादाचा आराखडा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे: मध्यभागी मुख्य देवता, चार दिशांना चार द्वारे, आणि तिबेटी पटचित्रांत बहुधा खालची बाजू पूर्वेची. पंचबुद्धांची, म्हणजे मंडलातील पाच प्रमुख बुद्धांची, नावे पाठ करण्याची घाई करू नका. आधी त्यांतला एकटा अक्षोभ्य घ्या आणि त्याच्याशी जोडलेला द्वेषच शुद्ध झाल्यावर आदर्शज्ञान, म्हणजे आरशासारखे निर्मळ ज्ञान, कसा होतो यावर काही दिवस चिंतन करा, कारण क्लेशाला, म्हणजे द्वेषासारख्या मनोविकाराला, हाकलून न देता मंडलात जागा देणे हेच माझ्या मते या पद्धतीचे मर्म आहे. केंद्रही सर्वत्र एकच नसते. वज्रधातु नावाच्या मंडलात तिथे पंचबुद्धांपैकीच वैरोचन असतो, तर गुह्यसमाज तंत्राच्या मंडलात अक्षोभ्य. वेरूळला जाणे झालेच, तर बाराव्या लेण्यातील नऊ चौकटींचा शिल्पपट, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व, सावकाश पाहा. रंगांचा झगमगाट नसल्यामुळे रचना तिथे चटकन उमगते. स्वतःला देवतारूपात कल्पिण्याची साधना मात्र गुरूकडून अभिषेक, म्हणजे विधिवत दीक्षा, घेतल्याशिवाय, केवळ पुस्तकावरून सुरू करू नये. पुढे ती सुरू झाली, तरी मनात उभारलेला प्रासाद शेवटी शून्यतेत, म्हणजे कशालाच स्वतःचे स्थिर अस्तित्व नाही या जाणिवेत, विलीन करायचा असतो, आणि नवखे साधक घाईत नेमका हाच भाग गाळतात.